खुणेपर्यंत

अक्काचा फोन कामाच्या वेळात कधी यायचा नाही. म्हणून त्या मंगळवारी तिचं नाव दिसताच प्रणिता बिराजदार हातातला अहवाल बाजूला सारून उठली आणि बार्शीतल्या मीटर प्रयोगशाळेच्या मागच्या ओट्यावर आली.

"प्रणू, टाकी भरंना गं," अक्का म्हणाली.

"कुठली टाकी?"

"माझी. गावची. मीटर दोन लाख लिटर दाखवून बंद होतंय, आन् टाकीतलं पाणी दोन लाखाच्या खुणंच्या चार बोटं खालीच राहतंय. महिना झाला, रोज वर चढून बगते मी."

अक्का म्हणजे शिवकांता हत्ते. प्रणिताची सहा वर्षांनी मोठी बहीण. निलंगा तालुक्यातल्या तगरवाडीच्या पाणीठाण्यावर ती चालक होती. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करायचं, पंपांनी ते घाटावर चढवायचं आणि तिथून नळांनी थेट मराठवाड्याच्या टोकापर्यंत न्यायचं, अशी ती सागरवाहिनी. तिच्यावर अडीच हजार गावं जगत होती आणि तगरवाडी त्यांतलं अगदी शेवटचं. प्रत्येक गावाला रोजचं पाणी ठरलेलं. गावाच्या तोंडाशी चार इंची नळावर मीटर, मीटरनं आकडा गाठला की झडप आपोआप बंद. चालकानं यंत्र नीट चाललंय एवढं पाहायचं.

"टाकी गळत असेल," प्रणिता म्हणाली.

"खालून हात फिरवून आले. भिंत कोरडी ठणठणीत हाय."

"मग काय केलंस?"

"काय करणार? हातानं झडप उघडते, खुणेपर्यंत भरून घेते आन् बंद करते. न्हाईतर माळावरच्या पंधरा घरांचा नंबर येईस्तोवर नळ सुकतो. त्यांनी काय हवा प्यावी?"

प्रणिताला काळजी वाटली ती तिथं. हातानं झडप उघडली की त्याची नोंद व्हायची. आणि ती नोंद 'मेळ', म्हणजे सागरवाहिनीचा हिशेब ठेवणारा संगणक, वाचायचा.

मेळ म्हणजे काय, हे त्या काळी शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. तो यायच्या आधी मीटर तपासायची पद्धत जुनी आणि सरळ होती. पोलादाची एक टाकी असायची, पाचशे लिटरची, नेमकी मोजून घेतलेली. वर तिला बाटलीसारखी अरुंद मान आणि मानेला काचेची पट्टी, तिच्यावर आखलेल्या रेषा. ट्रेलरवरून ही प्रमाणटाकी गावोगाव न्यायची, मीटरमधून गेलेलं पाणी तिच्यात घ्यायचं आणि मीटर पाचशे म्हणाला की काचेत पाणी कुठल्या रेषेला आलं ते पाहायचं. टाकी रुंद असली तरी मान अरुंद, त्यामुळे पेलाभर पाण्याचा फरकही काचेत बोटभर दिसायचा. पाण्याचं तापमान, पोलादाचं तापमान, सगळं धरून मीटरला त्याची चूक सांगायची. प्रणितानं उमेदीची आठ वर्षं त्या टाकीमागं काढली होती. काचेसमोर डोळा नेमक्या उंचीवर आणून पाण्याची रेषा वाचायची, तर गुडघे टेकावे लागत. तिचे गुडघे त्यातच काळे पडले होते.

मेळानं ते सगळं संपवलं. त्याचं म्हणणं असं की मीटरला तपासायला टाकी कशाला, दुसरे मीटर आहेतच की. वरच्या नळातून जितकं पाणी गेलं तितकंच खालच्या सगळ्या नळांतून बाहेर पडलं पाहिजे. एखादा मीटर बहकला तर त्याचे शेजारी ते लगेच पकडतील आणि मेळ त्याचा आकडा दुरुस्त करेल. अडीच हजार मीटर रात्रंदिवस एकमेकांवर नजर ठेवून. माणूस नको, ट्रेलर नको, डिझेल नको. बेरीज-वजाबाकी तंतोतंत जुळायची. प्रणितालाही ते पटलं होतं. पटण्यासारखंच होतं.

तिनं टेबलावरच्या पडद्यावर तगरवाडी काढली आणि विचारलं. मेळाचा आवाज नेहमीसारखाच मऊ आणि अदबशीर होता. "तगरवाडीचं मीटर अचूक आहे. ठाण्यावर रोज सरासरी चार हजार दोनशे लिटर जादा उचल होत आहे. तेहेतीस दिवस. चालकाकडून खुलासा मागवावा."

तिनं अक्काला परत फोन लावला.

"अक्का, मीटर बरोबर आहे."

"मग माझी टाकी वाढली का काय?"

"अक्का, खरं सांग. माळावरच्यांसाठी तू थोडं जास्त सोडतेस ना? तुझ्या चुलतसासऱ्यांचं घर आहे ना तिकडं? मी समजू शकते, पण..."

मग अक्का म्हणाली, "तू मला इचारायलीस हे?"

"मला अहवाल द्यायचाय अक्का. तगरवाडीचं प्रकरण माझ्याच टेबलावर येणार."

"मग बरंच झालं की. तू ये. टाकी घेऊन ये तुझी ती, मानेची. मीटरखाली लाव आन् मोज. तुझ्या डोळ्यांनी बग. मी काय दुसरं मागत न्हाई."

टाकी नेता आली असती. शेडमध्ये ट्रेलरवर ती उभी होती, प्रयोगशाळेतले जुने मदतनीस गफूरभाई अजून तिच्यावरची धूळ पुसायचे. पण चार वर्षांपूर्वीच परिपत्रक निघालं होतं, की मेळानं अचूक ठरवलेल्या मीटरची प्रत्यक्ष तपासणी करायची नाही. वाकडी वाट करून ती नेली असती, तर बिराजदार मॅडमनी बहिणीसाठी सरकारी टाकी बाहेर काढली, असं सागरवाहिनीच्या सगळ्या महामंडळात झालं असतं. आजवर प्रणितानं कुणाला तसं बोलायला जागा दिली नव्हती. तो तिचा अभिमान होता. बहिणीचं प्रकरण आहे म्हणूनच आपण काटेकोर राहिलं पाहिजे, असं तिनं स्वतःला बजावलं, आणि त्या आठवड्यात अहवालावर सही केली. 'मेळाच्या नोंदीनुसार मीटर अचूक. जादा उचल चालकाच्या कृतीमुळे.' दोन ओळी.

सही करताना तिचा हात थांबला नाही, हे तिला पुढं कायम आठवत राहिलं.

*

शिवकांतानं प्रणिताला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा प्रणिता आठ वर्षांची होती आणि शिवकांता चौदाची. वडील साखर कारखान्यावर, हंगामात घरी कमीच. वेणी घालणं, डबा करणं, तापात रात्र काढणं सगळं अक्कानं केलं. रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात ही दहावीतली मुलगी पहाटे घागर लावून यायची आणि धाकटीला शाळेला पाठवायची. स्वतःचं शिक्षण दहावीवर सुटलं, धाकटीचं मात्र औरंगाबादेत इंजिनिअरिंग झालं. विश्वनाथभाऊजी गेल्यावर अडतिसाव्या वर्षी अक्कानं आयटीआयचा कोर्स केला, पोरासोरांत बसून, आणि ठाण्यावरची नोकरी मिळवली. त्या दिवशी तिनं फोनवर सांगितलं होतं, "आता आपण दोघी पाण्याच्याच झालो बग."

निलंबनाचा आदेश गावात पोचला तेव्हा प्रणिता बार्शीलाच होती. पुढचं तिनं भाचीकडून, गौराकडून ऐकलं. ठाण्यावर दुसरा चालक आला. तो झडपेला हात लावायचा नाही. त्यामुळे टाकी खुणेच्या चार बोटं खालीच राहायची आणि पंधरा घरांचे नळ सुकायचे. लोकांनी त्याचा अर्थ त्यांच्या परीनं लावला. इतकी वर्षं हत्तेबाईनं पाणी विकलं, म्हणून आता वरून कापलं! चैत्रात कुणी तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. एक दिवस सकाळी माळावरचीच एक बाई आली, जिच्यासाठी अक्का झडप उघडत होती तीच, आणि भरलेली बादली तिनं अक्काच्या उंबऱ्यावर ओतली. म्हणाली, "घे. हे एवढंच ऱ्हायलं होतं, हे बी घे."

"आई काय म्हणाली?" प्रणितानं विचारलं.

"काहीच नाही," गौरा म्हणाली. "फडक्यानं ते पाणी पुसून घेतलं आणि पिळून जास्वंदीला घातलं."

पंधरा दिवसांनी प्रणिता तगरवाडीला गेली, तर घराला कुलूप. अक्का बिदरला गौराकडे निघून गेली होती. तिथं मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली होती. प्रणितानं फोन केले. पहिले पाच-सहा वाजून बंद झाले, मग नंबरच बदलला. गौरा दिवाळीला निरोप द्यायची, "आई बरी आहे." बस एवढंच.

प्रणितानं लग्न केलं नव्हतं. अक्का गेली म्हणजे तिच्या जगातलं माणूसच गेलं. तरी आपण चुकलो असं तिला तेव्हा वाटत नव्हतं, हेही सांगायला हवं. तिला वाटे, अक्कानं कबूल केलं असतं तर मी तिच्यासाठी भांडले असते. रागात ती दोन वर्षं राहिली. त्या दोन वर्षांत जादा उचलीची आणखी प्रकरणं तिच्या टेबलावर आली. चाळीस. तिनं चाळिसांवर सह्या केल्या. मेळ जे म्हणेल तेच तिनं लिहिलं.

*

दोन हजार सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत महामंडळानं प्रमाणटाकी मोडीत काढायचं ठरवलं. शेडची जागा हवी होती. पण मापाचं कुठलंही भांडं रद्द करण्याआधी ते एकदा वापरून, आढळलेली स्थिती लिहून ठेवायची, असा फार जुना नियम होता. तो रद्द करायला कुणाला सुचलं नव्हतं. म्हणून एका सकाळी प्रणिता आणि गफूरभाई टाकी ओढत प्रयोगशाळेच्या फाटकाशी घेऊन आले. सागरवाहिनीचा चार इंची फाटा तिथं आत येत होता आणि त्याच्यावर इतर गावांसारखंच, त्यांच्याच वयाचं मीटर होतं.

गफूरभाई साठीला आले होते. टाकीबरोबर तेही निवृत्त होणार होते. त्यांनी आधी टाकी एकदा पूर्ण भरून ओतली, कारण कोरडं पोलाद थोडं पाणी अंगाला लावून घेतं. धार तुटल्यावर घड्याळात बघून तीस सेकंद थेंब गळू दिले. खालची झडप बंद केली. टाकी समपातळीत आहे की नाही ते बुडबुडा पाहून ठरवलं. कुणी बघत नव्हतं, तरी त्यांनी एकही पायरी गाळली नाही.

"सोडू का मॅडम?"

"सोडा."

सव्वा मिनिटात मीटरनं पाचशेचा आकडा गाठला आणि पाणी थांबलं. प्रणिता गुडघे टेकून काचेसमोर बसली. तिनं काच पुसली. पुन्हा बघितलं.

"गफूरभाई, काचेत पाणी नाही."

"असं कसं होईल?"

"आलंच नाही. मानेच्या खालीच आहे."

ते शिडीवर चढले आणि वरून टॉर्च मारून आत पाहिलं. "दहा लिटर तरी कमी असेल," ते हळू आवाजात म्हणाले.

तिचं मन आधी म्हणालं, टाकी बिघडली. सहा वर्षं पडून आहे, कुठं पोचा आला असेल. त्यांनी पुन्हा भरली. तेच. तिसऱ्यांदा भरली. तेच. मग तिनं कपाटातून वीस लिटरचं मोहोरबंद माप काढलं आणि दोघांनी मिळून पंचवीस मापं टाकीत ओतली. एकेक माप काठोकाठ भरायचं, ओतायचं, निथळू द्यायचं. दुपार झाली. पंचविसावं माप गेलं तेव्हा पाणी काचेत चढलं आणि पाचशेच्या रेषेवर येऊन थांबलं. टाकी खरी होती.

"मीटर उतरवा," प्रणिता म्हणाली.

नटबोल्ट गंजले होते. मीटर सुटून आलं तेव्हा तिनं नळात बोट घातलं. आत गुळगुळीत पोलाद असायला हवं होतं. बोटाला पांढरट, खडबडीत काहीतरी लागलं. तिनं खरवडलं, तर त्याची एक पापडी निघाली. बोटाच्या नखाएवढी जाड.

एवढंच. समुद्राचं पाणी गोडं केलं की ते इतकं स्वच्छ होतं की पोलाद खाऊ लागतं. ते खाऊ नये म्हणून त्यात थोडा चुना घालतात. त्या चुन्याचा थर नऊ वर्षं सगळ्या नळांना आतून बसत गेला होता. मीटर पाण्याचा वेग मोजतो आणि नळाच्या रुंदीनं गुणतो. नळ आतून चहूबाजूंनी अर्ध्या मिलिमीटरनं अरुंद झालाय हे त्याला कोण सांगणार? चार इंची नळात तेवढ्यानं शंभराला दोनचा फरक पडतो. तगरवाडीच्या दोन लाखांत चार हजार लिटर. टाकीत चार बोटं.

पण मेळाला ते का दिसलं नाही? संध्याकाळपर्यंत जुन्या नोंदी चाळल्यावर तिला तेही कळलं. मुख्य वाहिनीवर सहा प्रचंड मीटर होते, माणूस चालत जाईल एवढ्या नळांवर. तेवढ्या रुंद नळात नखाएवढ्या थरानं काही बिघडत नाही. ते सहा जण शेवटपर्यंत खरं सांगत होते. पण समोर अडीच हजार लहान मीटर एकाच दिशेनं, एकाच मापानं, हळूहळू चुकत होते. मेळानं बहुमत पाहिलं. दरवर्षी थोडं थोडं करून त्यानं त्या सहांना दुरुस्त केलं, म्हणजे चुकीचं केलं. मग बेरीज तंतोतंत जुळली. अक्का मात्र टाकी खुणेपर्यंत भरत होती, तिचा आकडा जुळेना, म्हणून तिला चोर ठरवलं.

गफूरभाई ओट्यावर बसून चहा पीत होते. प्रणिता त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"ताईंचं मीटर पण असंच असणार," ते म्हणाले. "त्या वेळी मी म्हणणार होतो मॅडम, टाकी नेऊ या म्हणून. पण तुमचा चेहरा बघून गप्प बसलो. माझी पण चूक आहे त्यात."

ते ऐकून तिला रडू फुटलं. फाटकावरचा शिपाई बघत होता, तरी ती रडत राहिली.

*

मुख्य अभियंता साळवी वाईट माणूस नव्हते. त्यांनी पापडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, आकडे दोनदा वाचले आणि दार लावून घेतलं.

"प्रणिता, टाकी उद्या मोडीत जायची आहे. तू 'टाकी सदोष' लिहिलंस तर कुणी परत तपासणार नाही. चुन्याचं आपण पुढच्या वर्षी देखभालीत हळूच बघून घेऊ. कुणाला त्रास नको."

"आणि एक्केचाळीस चालक?"

"त्या एक्केचाळीस अहवालांखाली सही कुणाची आहे?"

"माझी."

"म्हणून सांगतोय."

"म्हणूनच लिहायचंय साहेब," ती म्हणाली. "त्यांना जी पत्रं जातील त्यांत, चुकीचा अहवाल देणारी म्हणून माझं नाव असू द्या."

साळवींनी पापडी टेबलावर ठेवली. "बस जरा," ते म्हणाले. मग त्यांनीच पाणी मागवलं, आणि शेवटी सही केली.

टाकीचा आकडा मेळात भरला. अकरा सेकंद गेले. मग तोच मऊ आवाज म्हणाला, "दुरुस्ती स्वीकारली. अडीच हजार मीटरांचे गुणक बदलले आहेत. मागील एक्केचाळीस निष्कर्ष रद्द." त्या आवाजात ना लाज होती ना आनंद. दुसऱ्या दिवशी सकाळी तगरवाडीची टाकी खुणेपर्यंत भरली आणि माळावरच्या पंधरा घरांत शेवटपर्यंत पाणी आलं. बाकी कुणाला काही फरक जाणवला नाही.

एक्केचाळीस पत्रं टपालानं जाणार होती. प्रणितानं रजा काढली आणि ती हातानं पोचवायला निघाली. कुणी शिव्या दिल्या, कुणी चहा दिला. औशाकडच्या एका चालकानं पत्र वाचून घडी केली आणि विचारलं, "हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावतील का?" तिनं स्वतः ते लावलं, चार टाचण्यांनी, आणि तो समोर उभा राहून बघत होता. उमरग्याजवळच्या एका घरी चालकाच्या फोटोला हार होता. त्याच्या बायकोला वाचता येत नव्हतं. प्रणितानं पत्र वाचून दाखवलं. खालचं स्वतःचं नावसुद्धा. ती बाई म्हणाली, "आणखी एकदा वाचा." तिनं आणखी एकदा वाचलं.

अक्काचं पत्र तिनं शेवटी ठेवलं होतं.

*

वसतिगृहाचं स्वयंपाकघर मागच्या अंगणात होतं. अक्का ज्वारी निवडत बसली होती. केस बरेच पांढरे झाले होते, चष्मा आला होता. तिनं वर पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"या," ती म्हणाली. "बसा. पाणी घ्या."

प्रणिताला क्षणभर वाटलं, मागं दुसरं कुणी उभं आहे. तिनं वळूनही पाहिलं. कुणी नव्हतं.

"अक्का, मी प्रणू."

"वळखलं की. बसा."

प्रणिता बसली नाही. ती एका दमात बोलत सुटली. टाकी, काच, चुन्याचा थर, सहा मोठे मीटर. अक्का ऐकत होती. मध्येच तिनं एक प्रश्न विचारला, "आता भरते का?"

"भरते."

"खुणेपर्यंत?"

"हो. रोज."

"मग झालं," अक्का म्हणाली.

प्रणितानं पत्र पुढं केलं. अक्कानं चष्मा पुसून ते सावकाश वाचलं, सगळं. "नोकरी परत देलालेत म्हणा. नको. हितं पोरींची सवय झाली. गौराला दाखवीन मी हे. तिला सासरी ऐकून घ्यावं लागलं लई."

"अक्का, माझं चुकलं. मी यायला पायजे होतं. तू म्हणालीस तेव्हाच टाकी घेऊन यायला पायजे होतं."

अक्कानं घडी घातलेलं पत्र मांडीवर ठेवलं आणि त्याच्यावर हात फिरवला. तिचा आवाज चढला नाही.

"टाकी न्हाई आणली त्याचं मला काय न्हाई. सरकारचा नियम आसंल. पण टाकी आणायची गरजच का पडावी, हे मला कळंना झालं. गावानं म्हणलं, गावाचं मी सोडलं. तुम्ही माझ्या हाताखाली वाढलाव. मी कधी खोटं बोलल्याचं आठवतंय का तुम्हाला? एकदा तरी?"

प्रणिताला आठवेना. एकदाही नाही.

"तुम्हाला टाकीनं सांगितलं तवा पटलं. बरं झालं, टाकी तरी होती."

मग तिनं चहा केला. दोघी बोलल्या, गौराच्या मुलाबद्दल, बिदरच्या उन्हाबद्दल. निघताना प्रणिता वाकली, तेव्हा अक्कानं पाय मागं घेतले नाहीत आणि पाठीवर हातही ठेवला नाही.

"येते अक्का," प्रणिता म्हणाली.

अक्कानं सूप उचललं. "बरं," ती म्हणाली.

*

त्यानंतर प्रणिता दर महिन्याला बिदरला जाऊ लागली. अक्का तिला कधी परतवत नसे. जेवायला वाढी, निघताना लोणच्याची बरणी देई, बार्शीला पाऊस झाला का विचारी. सगळं कसं पाहुण्याशी वागतात तसं. गौरानं एकदा आईला टोकलं, "आई, मावशीला अहो-जाहो काय करतेस?" अक्का म्हणाली, "मोठ्या हुद्द्यावर हाईत त्या." ते टोचून नव्हतं. तिला आता दुसरं जमतच नव्हतं, असं प्रणिताला वाटलं.

तिसऱ्या वर्षी अक्काच्या पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रियेला गौराचा नवरा गावात नव्हता, म्हणून प्रणिता आदल्या दिवशीच जाऊन राहिली. सगळं नीट पार पडलं. दुपारी अक्काला वॉर्डात आणलं तेव्हा भूल पुरती उतरली नव्हती. गौरा औषधं आणायला खाली गेली होती. खिडकीतून ऊन अक्काच्या तोंडावर येत होतं, म्हणून प्रणिता उठून पडदा ओढायला गेली.

"प्रणू," मागून आवाज आला.

ती जागीच थांबली.

"प्रणू, कुठं हिंडायलीस उन्हात? जेवलीस का न्हाई?"

अक्काचे डोळे मिटलेले होते. ओठ कोरडे, जीभ जड, पण आवाज तोच. प्रणिता पलंगाशी आली आणि तिनं तिचा हात धरला. "जेवले अक्का."

"खोटं बोलायलीस. तोंड सुकलंय बग तुझं. भाकर झाकून ठेवलीय, घे. आन् केस किती इस्कटलेत, ये हिकडं." सुई लावलेला हात उचलायची तिनं खटपट केली. प्रणितानं मान खाली घातली आणि डोकं त्या हाताखाली नेलं. दोन बोटं तिच्या भांगावरून फिरली, एकदा, दोनदा, आणि थकून तिथंच थांबली. प्रणिता तशीच वाकून राहिली. कंबर भरून आली, तरी हलली नाही. शेजारच्या पलंगावरची म्हातारी कौतुकानं बघत होती. "लेक का?" तिनं विचारलं. प्रणितानं मान हलवली, हो की नाही ते तिलाही कळलं नाही.

अर्ध्या तासानं नर्स आली, तिनं अक्काच्या गालावर थापट्या मारल्या. अक्कानं डोळे उघडले. छताकडं पाहिलं, सलाईनच्या बाटलीकडं पाहिलं. मग नजर खाली आली, प्रणितावर ठरली, आणि तिनं आपला हात हळूच तिच्या डोक्यावरून काढून पांघरुणात घेतला.

"तुम्ही कधी आलाव?" ती म्हणाली. "उगं तरास घेतलाव."